शेवंतीचा फिटनेसचा दाखला

एका जंगलात, मुलांनो, सगळेजण निरोगी होते. पण कुणालाच ते इंग्रजीत सांगता येत नव्हतं.

त्या जंगलात शेवंती नावाची हरिणी राहायची. चणीने लहान, पायाने चपळ. रोज उजाडलं की ती टेकडी चढायची, उतरायची, ओढ्यावर पाणी प्यायची आणि मग दिवसभर चरायची. तिला कधी काही झालं नव्हतं. त्याचं तिला कौतुकही नव्हतं.

एका वर्षी ओढ्याकाठचं गवत पार वाळलं. हिरवं कुरण उरलं ते फक्त नदीपलीकडे. सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, "कुरणात उगाच गर्दी नको. ज्याच्याकडे फिटनेसचा दाखला असेल त्यानेच यावं."

दाखला म्हणजे काय ते शेवंतीला कळलं. फिटनेस म्हणजे काय ते कळेना.

ते शिकवायला साळुंकीबाई आल्या. शहरातल्या एका जिमच्या खिडकीवर त्यांनी दोन पावसाळे काढले होते. काचेवर वाफ धरायची, त्यामुळे आत कोण काय करतं हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. ऐकू मात्र सगळं आलं होतं. त्यांनी वडाखाली वर्ग सुरू केला.

पहिल्याच दिवशी शेवंतीला उशीर झाला.

"कुठे होतीस?" बाईंनी विचारलं.

"टेकडीवर पळत होते, बाई."

"पळत नव्हतीस. कार्डिओ करत होतीस. शब्द पाठ होईपर्यंत टेकडी बंद."

शेवंतीने टेकडी बंद केली. एका जागी बसून ती दिवसभर घोकू लागली. वॉर्मअप, स्ट्रेचिंग, स्टॅमिना, हायड्रेशन. पाणी प्यायला उठावं, तर बाई विचारायच्या, "काय करायला चाललीस?" तो शब्द आठवेपर्यंत तहान मरून जायची. पंधरवड्यात तिची पाठ धरली. झोप उडाली. गवत गोड लागेना.

"याला स्ट्रेस म्हणतात," बाई समाधानाने म्हणाल्या. "आता तो धडा तुला नीट समजेल."

शेवंतीच्या शेजारी शांताराम अजगर बसायचा. बसायचा म्हणजे पडलेला असायचा. वर्गात सगळ्यांत हुशार तोच.

"शांताराम, आज व्यायाम केलास?"

"आज रेस्ट डे आहे, बाई."

"आणि काल?"

"कालही रेस्ट डेच होता."

"जेवणाचं काय?"

"महिन्यातून एकदा. इंटरमिटंट फास्टिंग."

बाईंचे डोळे भरून आले. असा विद्यार्थी त्यांनी शहरातही ऐकला नव्हता.

परीक्षेच्या दिवशी शांतारामचा महिना भरला होता.

परीक्षा तोंडी होती, जोडीजोडीने. शेवंतीची जोडी शांतारामशी लागली. त्याने तिच्याभोवती सावकाश एक वेढा घातला. मग दुसरा.

"शांतारामदादा, हे काय?" शेवंतीने विचारलं.

"स्ट्रेचिंग," तो म्हणाला.

"उत्तम," बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

तिसरा वेढा पडला. शेवंतीच्या बरगड्या दुखू लागल्या. "बाई, जीव गुदमरतोय."

"इंग्रजीत सांग."

शेवंतीला शब्द आठवेना. मागच्याच आठवड्यात तिने तो शंभर वेळा घोकला होता. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शांतारामने जबडा उघडला.

"ब्रीदिंग," तो तिच्या कानात म्हणाला. हुशार विद्यार्थ्यांना उत्तर पोटात ठेवता येत नाही. बोलण्याच्या नादात त्याचा वेढा जरासा सैल झाला.

पुढचं शेवंतीच्या पायांनी ठरवलं. तिला विचारलंसुद्धा नाही. ती उसळली, निसटली आणि सुटली ती थेट नदी ओलांडून गेली.

"वॉर्मअप न करता?" बाई मागे हळहळत राहिल्या.

कुरणाच्या तोंडाशी भिवाजी तरस पहाऱ्याला होता. आदल्या तुकडीत तो पहिल्या वर्गात पास झाला होता आणि दाखला गळ्यात घालूनच फिरायचा.

"दाखला?" त्याने विचारलं.

शेवंती थांबलीच नाही. भिवाजी तिच्यामागे धावला. वीस पावलांवर मटकन बसला आणि धापा टाकत म्हणाला, "थांब, माझा स्टॅमिना..." वाक्य पुरं करण्याइतका तो उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. परीक्षा अर्धवट सोडल्याबद्दल शेवंती नापास झाली. शांताराम पहिला आला. महाराजांनी त्याला जंगलाचा आरोग्यमंत्री केलं. तपासणीसाठी तो आता एकेकाला आत बोलावतो. महिन्यातून एकालाच.

शेवंती अजून त्या कुरणात बेकायदा चरते. तिची पाठ बरी झाली, झोपही परतली. रोज सकाळी भिवाजी कर्तव्य म्हणून तिच्यामागे धावतो. वीस पावलांची दोनशे झाली, मग दोन हजार. त्याची ढेरी उतरली, अंगावर तकाकी आली. दरबारात त्याचा सत्कार झाला. तेव्हा त्याने सगळं श्रेय मंत्रिमहोदयांच्या मार्गदर्शनाला दिलं.

तात्पर्य: मुलांनो, पळत बसू नका, शब्द पाठ करा. पळणाऱ्याचा नुसता जीव वाचतो. खातं मिळतं ते शब्द येणाऱ्याला.