त्यात मूळ किती?

माझ्या पुतणीच्या सोयरिकीची बैठक चालली होती. मुलाकडची मंडळी हट्ट्याहून आली होती. पोहे झाले, चहा झाला, आणि मुलाचे वडील सहज सांगावं तसं म्हणाले, "पोरगं कंपनीत हाय. तीस हजार पगार."

बायकांत समाधानाची कुजबुज झाली. तेवढ्यात मागून आमच्या मिलमधल्या कुसुमताईंचा आवाज आला, "त्यात मूळ किती?"

"मूळचे आमी हट्ट्याचेच," ते गृहस्थ नम्रपणे म्हणाले.

"गावाचं न्हाई हो. पगाराचं इचारून राहिले मी. मूळ किती अन् भत्ते किती?"

सोयरीक जमली. पण पुतणीच्या सासरी अजूनही कुसुमताईंना कुणी नावानं ओळखत नाही, 'मूळवाल्या बाई' म्हणतात.

हिंगोलीजवळच्या ज्या डाळ मिलमध्ये मी स्टोअर सांभाळतो, तिथं कुसुमताई पगाराचं काम बघतात. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, गावात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहतात. भाऊ पुण्याला असतो आणि सणाला फोन करतो. बोलणं मोठ्यानं, चालणं भरभर, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचे त्यांच्याकडे दोनच भाग. माझा गुडघा दुखायला लागला तर म्हणाल्या, "भाऊ, रोज दुखते का कधीमधी? कधीमधी असल तर भत्त्यात धरा, घोर करू नका." एका नव्या सुनेला त्यांनी समजावलं होतं की नवरा नीट बोलतो ते मूळ आणि साडी आणतो तो भत्ता. ती सून बरेच दिवस नवऱ्याकडे संशयानं बघत होती म्हणे.

पगाराची चिठ्ठी त्या नुसती हातात देत नाहीत. माणसाला समोरच्या स्टुलावर बसवतात. "हे बघ, मूळ पगार अन् महागाई भत्ता, हे दोन एकीकडं. ह्याच्यावर तुझा पीएफ कटते. कटते म्हणून तोंड पाडू नको, मालकालाबी तुझ्या खात्यात टाकावं लागते. दिवाळीचा बोनसबी ह्याच्यावरच निघते. घरभाडं, प्रवास भत्ता हे दुसरीकडं. ते आज गोड लागते, पण बोनसात धरत न्हाईत." हे दर महिन्याला, प्रत्येकाला. हमाल मंडळी स्टुलावर बसायच्या आधीच "समजलं ताई, बराबर हाय" म्हणून मोकळी व्हायची. ताई तरी बसवायच्याच.

गेल्या वर्षी मालकानं पगारवाढ द्यायची ठरवली आणि ती सगळी प्रवास भत्त्यात टाकायची असं सुचवलं. पीएफची कपात वाढणार नाही, हातात जास्त येईल. कामगार खूश. मालकही खूश, कारण त्याचाही पीएफ आणि बोनस वाचत होता. आख्ख्या मिलमध्ये नाराज फक्त एकच बाई होती.

कुसुमताई मालकाच्या केबिनमध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा लाल होता. वाढ मूळ पगारात धरायचं ठरलं होतं.

पहिल्या महिन्याचा पगार झाला तेव्हा पॅकिंगमधली शोभा चिठ्ठी घेऊन ऑफिसात आली. ती कनेरगाव नाक्याहून येते. नवरा आजारी असतो, पोरगी कॉलेजात शिकते.

"ताई, कपात वाढली. भत्त्यात देऊन राहिले होते तर तुमी काहून आडव्या पडल्या? माझ्या लेकराची फी आज भरायची हाय, दिवाळीला न्हाई."

"शोभा, बस. समजावून सांगते."

"मला बसायचं न्हाई," शोभा म्हणाली आणि गेली.

त्यानंतर बायकांनी कुसुमताईंना आपल्या जेवणातून वगळलं. तसं कुणी काही बोललं नाही. आवारातल्या लिंबाखाली डबे उघडले जायचे, आणि ताई आल्या की बसायला जागाच उरलेली नसायची. मग त्या ऑफिसातच जेवायला लागल्या. मी म्हटलं, "ताई, मी बोलू का त्यांच्याशी?"

"नगं. तिची तकलीफ खरी हाय," त्या म्हणाल्या. "माझा बाप कापसाच्या जिनिंगमध्ये होता. सगळा पगार भत्त्यात. काम सुटलं तवा हातात काय आलं ते मी बघितलं हाय. पण हे शोभाला आज सांगून काय उपयोग? तिला आजची फी हाय."

शोभाच्या पोरीची फी मात्र त्या महिन्यात भरली गेली. शोभाला वाटलं, मिलनं आपणहून उचल दिली. उचल ताईंनी मालकाच्या मागे लागून मंजूर करवली होती, आणि हे मी सांगायचं नाही असा मला दम होता.

दिवाळीला बोनस झाला. आकडा दरवर्षीपेक्षा चांगला होता. कामगारांनी मालकाला हार घातला. कुसुमताई मागे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मला राहवलं नाही. मी दम विसरलो आणि शोभाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

संध्याकाळी कनेरगावच्या जीपची वेळ झाली तशी ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. "ताई, दिवाळीला कुठं जाऊन राहिल्या?"

"मी कुठं जाते? घरीच."

"मग आमच्याकडं या. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशीच या, मुक्कामाला."

ताईंनी घराला कुलूप, शेजारची मांजर, असं बरंच काही सांगून पाहिलं. शोभा दारातून हलली नाही. जीप हॉर्न देऊन निघून गेली तरी हलली नाही.

दिवाळीनंतर मिल उघडली. मी ताईंना विचारलं, "कशी झाली दिवाळी?"

मला वाटलं, आता फराळाचे मूळ आणि भत्ते ऐकावे लागणार. पण त्या कितीतरी वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिल्या.

"पहाटे शोभाच्या पोरीनं उठवलं," त्या म्हणाल्या. "पाटावर बसवलं अन् डोक्याला तेल लावलं. चांगलं चोळून चोळून. मी म्हटलं, बाई, मी लावते माझं. तर म्हणे, मावशी, गप बसा." त्यांनी टोपण लावून पेन बाजूला ठेवलं. "आई गेल्यावर कुणी माझ्या डोक्याला हात लावला नव्हता, भाऊ."

मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि खिडकीतून लिंबाकडे बघत म्हणाल्या, "पोरीचा हात लई हलका हाय."