टिन हाललं पाह्यजे

शेषाभाऊच्या घरी हळू बोलायला बंदी आहे. गंमत नाही, खरंच बंदी आहे. तुम्ही ओट्यावर टेकून नेहमीच्या आवाजात "कसं काय भाऊ?" म्हणालात, की हा माणूस हातातला कप खाली ठेवतो आणि गरजतो, "पोटात दुखून राह्यलं का बे? जोरात बोल!" मग तुम्ही ओरडून तब्येत विचारायची, त्यानं ओरडून सांगायची. एकदा शेजारच्या पोरीची चौकशी करायला आलेले पाहुणे चुकून त्याच्या ओट्यावर बसले. "पोरगी स्वभावानं कशी हाय?" हा नाजूक प्रश्न साऱ्या गल्लीनं ऐकला, आणि उत्तरही गल्लीनंच दिलं.

माझं घर त्याच्या समोर. म्हणजे माझं काय होत असेल याचा विचार करा. शेलूबाजारात माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, पण त्याच्या घरी आज कोणती भाजी आहे हे मला गिऱ्हाइकाच्या मागणीआधी कळतं.

शेषाभाऊ म्हणजे 'गडगडाट'चा गायक. आता हे गडगडाट काय प्रकरण, ते सांगतो. कॅसेटच्या जमान्यात आमचा रॉक बँड होता. हसू नका. शेषाभाऊ गिटार वाजवायचा आणि गायचा, इस्माईलभाई बेसवर आणि मी ड्रमवर. गाणी आमची, वऱ्हाडीतली. लाईन म्हणजे वीज गेल्यावर एक गाणं, जीपमध्ये मांडीवर मांडी दाबून बसण्यावर एक गाणं. एक गाणं तर ठेच्यावर होतं. लग्न झालं त्या वर्षी सुमनवहिनींच्या हातचा ठेचा खाऊन शेषाभाऊच्या डोळ्यातून पाणी आलं, आणि त्या पाण्यातून प्रेमगीत निघालं. इस्माईलभाई जीपच्या सीटांचे कव्हर शिवायचा. त्याच रेक्झिनचं काळं जाकीट त्यानं तिघांना शिवून दिलं. वैशाखात ते घातलं की काढायला दुसरा माणूस लागायचा.

स्टँडवरच्या प्रत्येक जीपमध्ये आमची कॅसेट वाजली. टेप इतकी घासली की शेवटी शेवटी गाणं जाड्या बाईच्या आवाजात यायचं. तेव्हापासून शेषाभाऊचं एकच माप होतं. गाणं चांगलं की वाईट, हे तो विचारत नसे. तो विचारायचा, "टिन हाललं का?" छपराचं टिन थरथरलं तर गाणं पास.

मग आम्ही बिघडलो. शेषाभाऊनं कुठूनतरी कीबोर्ड आणला. आम्ही बारशाला वाजवलं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला वाजवलं, जो बोलावील त्याच्याकडे वाजवलं. रिठदला एका लग्नात नवरदेवाचा मामा आला अन् म्हणाला, "जेवणं चालू हायेत, आवाज कमी करा." आणि आम्ही केला! तो कमी केलेला आवाज शेषाभाऊच्या जिव्हारी लागला. त्यानं गिटार पिशवीत घातली ती घातलीच. पुढे थ्रेशर घेतलं आणि वीस हंगाम इंझोरीपासून रिठदपर्यंत लोकांचं सोयाबीन काढलं. तो ट्रॅक्टरवर आणि वहिनी थ्रेशरच्या तोंडाशी.

तर परवाच्या दिवाळीनंतर हा बाबा माझ्या दुकानात आला. चार शेतकरी बी विचारत उभे. यानं दारातूनच आरोळी ठोकली, "बाल्या, अल्बम काढाचा!"

शेतकऱ्यांना वाटलं हे नवीन औषध आलं. एकानं हळूच विचारलं, कोणत्या अळीवर चालते?

मी त्याला मागं नेऊन बसवलं. "आपण साठीला आलो बापा. माह्ये गुडघे पाह्य. इस्माईलभाईले मोत्याबिंदू हाय. आता कायले?"

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या देखत हळू बोलला. "सुमनचं आयकणं कमी झालं बे. थ्रेशरनं खाल्लं तिचं आयकणं. अन् थ्रेशर माह्यं होतं. सारं जायच्या आंदी तिले एकदा माह्यं गाणं नीट आयकू येऊ दे. बाकी दुनिया गेली उडत."

वहिनींना जरा कमी ऐकू येतं हे गल्लीला माहीत होतं. पण बंदीचं कारण त्या दिवशी माझ्या टाळक्यात शिरलं. एकट्या वहिनींशी ओरडून बोललं तर त्यांना लाजल्यासारखं होतं, म्हणून यानं सगळ्यांनाच ओरडायला लावलं होतं. कानाचं मशीन आणलं होतं, पण "यात बी मले थ्रेशरच आयकू येते" म्हणून त्यांनी ते बांगड्यांच्या डब्यात ठेवून दिलं. आता वहिनी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक पाहतात. मला आधी फार अवघडल्यासारखं व्हायचं, दाताला लागलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा दिसत असेल म्हणून.

रेकॉर्डिंग माझ्या गोदामात करायचं ठरलं. वाशीमहून एक साऊंडवाले गृहस्थ आले. त्यांचा सारा जन्म भजनं रेकॉर्ड करण्यात गेलेला. आमचं पहिलं गाणं ऐकून त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं, मग म्हणाले, "आवाज घुमून राह्यला. भिंतीले काहीतरी लावा." माझ्याकडे घरचं अन् भावकीचं सोयाबीन पडलेलंच होतं. चारी भिंतींना छपरापर्यंत भरलेली पोती रचली. आवाज असा घट्ट झाला की साऊंडवाले खूश. लाईन असेल तितका वेळ वाजवायचं, गेली की चहा प्यायचा, असं करत आठवडाभरात पाच गाणी झाली. शेषाभाऊ मात्र खूश नव्हता. प्रत्येक गाण्यानंतर छपराकडे बघायचा. "टिन नाई हाललं बाल्या."

आणि मधेच सोयाबीनचा भाव चढला. मी पडलो दुकानदार माणूस. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी राहिली आणि मी हो म्हणून बसलो. दुसऱ्या दिवशी हे दोघं गिटार घेऊन आले तर गोदाम रिकामं! साऊंडवाल्यांनी डोकं धरलं. "आंदीची पाच कोरडी, अन् आता पुढची विहिरीतून येतीन!" इस्माईलभाईनं मला त्याच्या भाषेत जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही. माझी चूक होती, मी मान खाली घालून ड्रमवर बसलो.

ठेच्याचं जुनं गाणं घेतलं. पहिल्याच ठोक्याला छप्पर थडथडलं, भिंती घुमल्या, माझ्याच छातीत काहीतरी हललं. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. गोदामाच्या टिनाच्या दाराला पाठ टेकून उभ्या होत्या. गाणं संपलं तरी त्या दार सोडेनात.

शेषाभाऊ त्यांच्याकडे बघत होता. मग तो नाचला. साठीतला माणूस, रेक्झिनच्या जाकिटात. "हाललं! टिन हाललं! आंदीची पाच फेका, सारं पुन्हा घ्या! रिकाम्या गोदामात घ्या!"

सगळं पुन्हा घेतलं. माझ्या गुडघ्यांचं काय झालं ते मला आणि बामच्या बाटलीला ठाऊक.

अल्बम फोनवर आला आणि काय सांगू तुम्हाला, लोकांना आवडला! जीपस्टँडवर वाजला, कॉलेजच्या पोरांनी वाजवला. अकोल्याच्या एका पेपरात कोणीतरी लिहिलं, जुना गडगडाट परत आला, उलट आता जास्त जोरात आहे. तो पेपर घेऊन मी भर दुपारी दुकान उघडं टाकून शेषाभाऊकडे धावलो.

घरात गाणं चालू होतं. धान्याची टिनाची कोठी भिंतीशी होती आणि तिला थ्रेशरच्या जुन्या पट्ट्यानं स्पीकर आवळून बांधला होता. वहिनी कोठीला पाठ लावून सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. शेषाभाऊ समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, शाळेत निकाल लागायची वाट बघावी तसा. गाणं संपलं.

"कोणतं होतं?" तो ओरडला.

"चौथं. ठेच्याचं," वहिनी म्हणाल्या. "माह्यावालं."

शेषाभाऊचा चेहरा काय फुलला! माझ्या हातातल्या पेपराकडे त्यानं पाहिलंही नाही. "बस बाल्या, च्या करतो," म्हणून तो स्वयंपाकघरात गेला.

वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, यायले सांगू नका. मले दोन वर्सापासून काईच आयकू येत नाई."

मी जवळ सरकलो. "काईच नाई? अन् हे वरडते ते?"

"तोंडाकडे पाहून समजते सारं."

"मंग सांगत काहून नाई त्याले?"

"कसं सांगू? एवढे वरडून राह्यले बिचारे. घसा बसते त्यायचा. वायाच गेलं म्हणू का?" त्यांनी पाठीमागं हात नेऊन कोठीवर ठेवला. "पण हे गाणं आलं, भाऊजी. इकून आलं, पाठीतून. दोन वर्सांनी त्यायचा आवाज आला मले."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. खोटं कशाला बोलू? मी पेपर तोंडासमोर धरला.

शेषाभाऊ तीन कप घेऊन आला. "काय खुसुरफुसुर लावली बे? जोरात बोल!"

मी पेपर खाली केला, छाती भरून घेतली आणि पार स्टँडपर्यंत जाईल असा ओरडलो, "वयनी म्हणते, अल्बम एक नंबर झाला!"

वहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"हव," त्या म्हणाल्या. "टिन हाललं."