हेवी कुकिंग ओन्ली

सिंगापुरातल्या आमच्या क्लेमेंटीच्या ब्लॉकमधले गोखलेकाका दिवसातून तीनदा आपल्या रिकाम्या खोलीची जाहिरात बदलतात. स्वतः निवृत्त झाले, पण पायांना ते कुणी कळवलेलं नाही. पेपरातल्या भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती ते येरझाऱ्या घालत वाचतात आणि वाचून झाल्या की माझी बेल दाबतात. मी त्यांचा शेजारी आणि बिनपगारी टायपिस्ट.

"'एमआरटी स्टेशनपासून चार मिनिटं' खोड. साडेचार लिही. लोकांना फसवायचं नाही."

संध्याकाळी पुन्हा बेल. "चारच ठेव रे. आज भरभर चालून बघितलं."

एका ओळीला मात्र हात लावू देत नसत. अख्ख्या सिंगापुरात घरमालक 'लाइट कुकिंग ओन्ली' लिहितात, म्हणजे फार तर नूडल्स उकळा. काकांच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत 'हेवी कुकिंग ओन्ली'! लोक फोन करून चूक दाखवायचे आणि काकांचं डोकं फिरायचं.

खोली पाहायला येणाऱ्याची उलटतपासणी व्हायची. चांगी बिझनेस पार्कातला एक बँकवाला म्हणाला, "सकाळी ओट्स, रात्री हॉकर सेंटरवर खाऊन येतो." काका त्याला थेट लिफ्टपर्यंत पोचवून आले. "माणूस आहे की घोडा?"

शेवटी जुरोंग ईस्टच्या काँडोतून त्यांच्या मुलाने फोनवर बजावलं, "बाबा, या महिन्यात भाडेकरू मिळाला नाही तर फ्लॅट विकायचा आणि आमच्याकडे यायचं. एकटं राहायचं नाही." काकांना घर सोडायचं नव्हतं. त्या आठवड्यात माझी बेल इतकी वाजली की मी भडकलोच. "काका, तुम्हाला भाडेकरू हवाय की आचारी?"

ते पेपरची घडी घालून निघून गेले.

महिन्याचे दोन दिवस उरले असताना साताऱ्याची एक मुलगी आली, युनिव्हर्सिटीत संशोधन करणारी. काकांनी मलाही बोलावून घेतलं होतं. ती म्हणाली, "काका, वासावरून तीन घरांनी मला नाही म्हटलंय. आधीच सांगते, मी ठेचा करते."

"कर की. आत्ता कर."

तव्यावर मिरच्या पडल्या आणि आम्ही तिघंही ठसकायला लागलो. मी खिडकी उघडायला उठलो तर काकांनी हात धरला. "राहू दे. तुझी सुमनकाकू गेल्यापासून या घरात कुणी ठसकलं नाही रे."

दोन वर्षं मी त्यांच्या जाहिराती टाइप करत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

डोळे पुसत मुलीने विचारलं, "तुमच्या अटी काय आहेत, काका?"

काका ओट्याशी उभे राहिले.

"एकच. पान वाढलंस की मला हाक मारायची. मी जेवलेलो असलो तरी."