गार्वान्स्की साहेबांची पायी स्वारी

शाळा उघडल्या त्याचे यश, शाळा मोडिल्या त्याचेही यश, आणि दोन्ही कामे एकाच हाताने केली तरी तसबिरीस हार, ऐसी बल्गेरिया मुलखाची वहिवाट. तेथील थोर शिक्षणसुधारक वेनेलिन गार्वान्स्की परलोकवासी जाहलियावर त्यांचे तसबिरीने जी स्वारी केली, ते वर्तमान घडले तैसे लिहिले असे.

साहेबांनी ऐन उमेदीत डोंगर तुडवून बेली दोल गावी शाळा स्थापिली, घंटा स्वहस्ते टांगिली, आणि नेदयाल्का शोपोवा नामे एकोणीस वर्षांची मुलगी मास्तरीण नेमिली. मग साहेब मोठ्या हुद्द्यास चढले, आणि लहान शाळांनी विद्या पातळ होते ऐसे मनी आणोन अकरा गावच्या शाळा एका कलमाने बंद केल्या, कसब्यात एक थोरली शाळा बांधली, आणि मुलांस नेण्याआणण्यास गाडी देऊ ऐसा कौल दिधला. गाडी दोन हिवाळे धावली, मग बिघडली, मग दफ्तरी विसरली गेली. गावची पाच मुले अडीच कोस पायी जाऊ लागली. बाईंस साहेबांचा संताप येई, आणि त्यांचे सहीचा नेमणुकीचा कागद फाडवत नसे.

मे महिन्यात अक्षरांचा सण आला. त्या दिवशी साहेबांची तसबीर पिओनीच्या फुलांनी मढवोन मिरवणुकीपुढे चालवावी, हा रिवाज. तो आदले दिवशी गारपिटीने कसब्यातील बागा समूळ बुडविल्या, आणि फुले उरली ती बाईंचे अंगणी. मग थोरल्या शाळेचा हेडमास्तर क्रूम ताबाकोव, बाईंचा जुना विद्यार्थी, तसबीर मोटारीत घालोन सकाळीच दाखल जाहला.

"बाई, फुलं हवीत. शंभरेक."

"पाढे कधी आले नाहीत तुला, मागायला मात्र पुढे! ने की. पण साहेब आपल्या शाळेच्या दारातून निघतील. आणि पायी."

"अहो बाई, दहाला मिरवणूक आहे! मोटार उभी आहे दारात."

"मुलांना आहे का मोटार?"

हेडमास्तराने तसबीर मोटारीतून काढोन खांद्यास घेतली, आणि तह ठरला. पाच मुले वाटाडे, मागे तसबीर, पिछाडीस बाई, ऐसे कूच जाहले. कुत्री चालोन आली, चौकट खांद्यास रुतली, आणि हेडमास्तराचा एक नवा बूट चिखलाने गिळिला. मग ओढा लागला. मुलांनी न सांगता बूट काढोन हाती घेतले.

"हे रोजचं?" हेडमास्तर पुसता जाहला.

"आज कमी आहे पाणी," धाकटी मुलगी बोलली. "थंडीत गुडघ्यापर्यंत असतं."

पुढे वाटभर तो घडोघडी घड्याळ पाहता जाहला.

कसब्यात मेयर आणि वाजंत्री उन्हात तिष्ठत होती. एका बुटाने हेडमास्तर व्यासपीठी चढला, आणि लिहून आणिलेले गुणवर्णन खिशात घालोन बोलिला, "साहेबांनी मला शिकवायला बाई दिल्या, हे खरं. आणि त्यांनी शाळा बंद केली म्हणून ही पोरं इथवर यायलाच रोज दोन तास चाळीस मिनिटं चालतात, हेही खरं. आत्ताच चालून आलोय."

मेयरांची अब्रू चव्हाट्यावर आली, आणि गाडीचा हुकूम तेथेच सुटला.

सोमवारी गाडी आली, ती बाजूस सोनेरी अक्षरे मिरवीत: 'गार्वान्स्की साहेबांच्या कृपेने'. गावकरी खवळोन रंग खरवडावयास धावले. बाई आडव्या जाहल्या.

"राहू द्या रे. नाव पुसलंत तर गाडी परत नेतील."

येणेप्रमाणे मे महिन्याचे अखेरचे सोमवारी पाच मुले कोरड्या पायांनी शाळेस पोचली. बेली दोल फत्ते जाहले, ऐसी नोंद असे.