गुरुपादप्पांचं आवडतं अक्षर

गुरुपादप्पांनी आपल्या साठीचं आमंत्रण स्वतःच्या आवडत्या अक्षरात बसवलं आणि तिथंच घोटाळा झाला. लातुरात त्यांचं छपाईचं छोटं दुकान. संगणकात टाईपांचे ढीगभर नमुने होते, पण जीव एकावरच: बोरूनं लिहिल्यासारखा, काना उतरताना बारीक होणारा, टोकाला नाजूक पाती असलेला. "अक्षर कसं घरंदाज पाहिजे," असं ते बायकोला, नीलम्माला सांगत. ती जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्या घरात पाहुण्यासाठी चहा टाकला गेला नव्हता.

मागच्या वाढदिवसाला त्यांनी फुगीर, रंगीत अक्षरांत गल्लीला चहाला बोलावलं होतं. कुणी फिरकलंही नाही. या खेपेला त्यांनी आचाऱ्याला चाळीस पानांचं जेवण सांगितलं, पण आमंत्रण पाठवायचा धीर होईना. शेवटी रविवारी सकाळी सातला त्यांनी डोळे मिटून ते गल्लीच्या मोबाईल-ग्रुपवर टाकलं. मधे त्यांचा फोटो, खाली मजकूर: 'साठीनिमित्त आज दुपारी बारा वाजता जेवायला यावे.'

आता लग्नपत्रिका लोक मोबाईलवरच करतात. दुकानाकडे उरली होती ती फक्त निधनवार्तांची कामं, आणि दहा वर्षं त्या सगळ्या त्यांच्या याच आवडत्या अक्षरात निघत होत्या. गल्लीची नजर सवयीनं फोटोवरून थेट वेळेवर गेली. ग्रुपवर धडाधड जोडलेले हात येऊ लागले. 'छत्तीस जण येतायत!' गुरुपादप्पांनी हरखून नवा सदरा चढवला.

बाराच्या आधीच अंगण भरलं. सगळे पांढऱ्या कपड्यांत आणि गप्प. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारची सिद्धम्मा पिठलं-भाकरी घेऊन पुढे होती. गुरुपादप्पांनी दार उघडलं.

"या, या! लई बरं वाटलं!"

"अगं बया!" सिद्धम्माच्या हातातलं पातेलं पडता पडता राहिलं. "अप्पा तर धडधाकट हायेत!"

किराणावाल्या मन्मथनं हार पाठीमागं लपवला. "मजकूर कोन वाचतंय, अप्पा? तुमचं ते अक्षर दिसलं की समजायचं, कोन तरी गेलं."

"आन् माझ्या फोनवरून पाठवलं कोनी? मीच?"

"आमाला वाटलं, अप्पा जायच्या आधी सोताची बी पत्रिका करून गेले. तुमचा सोभावच तसला."

आधी गुरुपादप्पा हसले, मग अंगण हसलं. पंगत बसली. आचाऱ्याचं जेवण आणि घराघरातून आलेल्या भाकरी, दोन्हींचा फडशा पडला. येताना मनाशी जुळवून आणलेली चांगली वाक्यं तरी वाया कशाला घालवायची, म्हणून लोकांनी ती जेवता जेवता बोलून टाकली. नीलम्माच्या हातच्या धपाट्यांची आठवण निघाली, तेव्हा गुरुपादप्पा पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

निघताना मन्मथ म्हणाला, "म्होरल्या साली टाईप बदला बरं का. काळजात धस्स झालं."

"बदलतो की."

संध्याकाळी घर पुन्हा रिकामं झालं. गुरुपादप्पांनी खरंच पुढच्या वर्षीचं आमंत्रण फुगीर, लाल अक्षरांत बसवून पाहिलं. मोठं आनंदी दिसत होतं. पण मागच्या वर्षीचंही असंच आनंदी होतं. मग त्यांनी जुना टाईप परत लावला. कुणी वाचणार नव्हतंच, तरी खाली एक ओळ घातली: 'सिद्धम्मांनी पिठले आणावे.'