ढेकणांचा पाठलाग

चिमणीला पहिलं स्वतंत्र गिऱ्हाईक मिळालं ते ढेकणांचं.

म्हणजे ढेकूण मारणाऱ्यांचं. पण एवढं लांबलचक कोण बोलणार? तीन खुर्च्या, एक पंखा आणि कायम रुसलेला प्रिंटर, एवढंच ते ऑफिस. काम काय, तर लोक फोनवर काही शोधायला लागले की आपल्या गिऱ्हाइकाचं नाव सगळ्यात वर झळकेल अशी व्यवस्था करायची. मालकीण होत्या मॅडम. दुसऱ्या खुर्चीवर ज्योतिषी. त्याला पत्रिकेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण कुणी 'आमची वेबसाइट वर कधी येणार?' असं विचारलं की तो डोळे अर्धवट मिटून 'योग आहे, जरा धीर धरा' म्हणायचा, म्हणून ते नाव. आणि तिसऱ्या खुर्चीवर चिमणी. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली आणि नोकरीत अजून कच्ची. मॅडमनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, हे गिऱ्हाईक टिकलं तर तू पक्की. गेलं, तर त्याच्याबरोबर तूही.

गिऱ्हाईक, म्हणजे ढेकूणकाका, माणूस फार गोड. औषधाचा पंप पाठीला लावून त्यांनी जन्म काढला, लोकांच्या गाद्या उलथ्यापालथ्या केल्या, लोकांना शांत झोप मिळवून दिली. पण त्यांच्या धंद्याचं दुःखच निराळं. न्हाव्यावर खूश झालेला माणूस चारचौघांत न्हाव्याचं नाव सांगतो. ढेकूणकाकांवर खूश झालेला माणूस रस्त्यात भेटला की ओळखही दाखवत नाही. उलट 'गाडी जरा लांब लावा हं' असं आधीच बजावतो. एवढ्या वर्षांत त्यांचं नाव कुणी मोठ्यानं घेतलंच नव्हतं.

म्हणून जाहिरात सुरू झाली त्या सकाळी चिमणीनं त्यांना उत्साहानं फोन लावला आणि 'ढेकूण' असं शोधून बघायला सांगितलं. काकांनी शोधलं. 

"हा मीच आहे की गं."

"तुम्हीच, काका. सगळ्यात वर."

"दाबून बघू?"

आता या धंद्यातला पहिला धडा असा, की जाहिरातीवर कुणीही बोट टेकवलं तरी त्याचे पैसे जाहिरात देणाऱ्याच्या खिशातून जातात. त्यामुळे मालकानं स्वतःची जाहिरात दाबायची नसते. चिमणीला हा धडा पाढ्यांसारखा पाठ होता. पण समोरचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव बघून गहिवरलेला. त्याला नाही कसं म्हणायचं?

"दाबा ना काका," ती म्हणाली. एकदा दाबल्यानं काय होणार होतं?

काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. चिमणीनं कॉम्प्युटर उघडला आणि तिच्या हातातला चहा कपातून बशीत आला. क्लिकच क्लिक! तिनं डोळे चोळले, पान बंद करून पुन्हा उघडलं, आकडा तेवढाच. तिसऱ्या दिवशी आणखी वाढला. मॅडम खुर्ची ओढत आल्या. ज्योतिषी चष्मा पुसत आला. तिघंही त्या आकड्याकडे असे बघत राहिले, जसं काही गणितात नापास होणाऱ्या पोरानं शाळेत पहिला नंबर काढलाय.

ज्योतिष्यानं बारकाईनं पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सगळे क्लिक गावाच्या एकाच भागातून येत होते, आणि तेही सकाळीच. त्यानं डोळे मिटले. मग हळूच म्हणाला, "साथ आहे. रात्री चावतात, सकाळी शोधतात."

हे इतकं बिनतोड होतं की मॅडमच्या अंगावर काटा आला. चिमणीला तर पाठीला खाज सुटली. लगोलग तिनं काकांना कळवलं की त्यांच्याच भागात ढेकणांनी थैमान घातलंय. काकाही हादरले. माझ्या नाकाखाली एवढं चाललंय आणि मला पत्ता नाही, असं म्हणाले. त्यांनी नवे पंप घेतले, हाताखाली दोन माणसं ठेवली आणि नव्या गिऱ्हाइकांसाठी एक वेगळा फोन घेतला. त्या फोनचा नंबर जाहिरातीत ठळक टाकला.

फोन काही वाजला नाही.

इतके लोक रोज बघतायत आणि फोन एकाचाही नाही? काका रोज चिमणीला विचारायचे, चिमणी ज्योतिष्याला, आणि ज्योतिषी छताला. शेवटी मॅडमनाच उलगडा झाला. लोक लाजतायत. ढेकूण झालेत हे सांगायला कुणाचीही जीभ रेटणार नाही. त्यांना धीर द्यायला हवा.

यावर इलाज होता. एकदा आपलं पान बघून गेलेल्या माणसाला पुढे तो जिथं जाईल तिथं, बातम्या वाचताना, भाजीच्या कृती बघताना, आपलीच जाहिरात दाखवत राहायची. धंद्यात याला एक गोंडस नाव आहे, पण ऑफिसात सगळे त्याला सरळ 'पाठलाग' म्हणत. चिमणीनं रात्रभर विचार करून मजकूर लिहिला. 'लाजू नका. तुम्हाला झोप का लागत नाही, ते आम्हाला माहीत आहे.' खाली ढेकणाचं चित्र आणि फोन नंबर. मॅडमनी वाचलं आणि पहिल्यांदाच तिच्या पाठीवर थाप मारली.

पाठलाग सुरू झाला. आणि आठवड्याच्या आत ढेकूणकाका ऑफिसात आले. बरोबर काकू. दोघांचेही चेहरे भिंतीसारखे पांढरे.

बसा म्हणायच्या आतच काकूंनी सुरुवात केली. घरात कुणी फोन हातात घेण्याच्या लायकीचं राहिलं नव्हतं म्हणे. काहीही उघडा, ढेकूण. मोठ्या दिरांनी ऑफिसच्या मीटिंगमध्ये तक्ता दाखवायला घेतला, त्याच्या शेजारी ढेकूण. काकांची थोरली बहीण, आक्का, फोनवर रुमाल टाकून झोपायला लागली, कारण तिला झोप लागत नाही हे फोनला कसं कळलं, याचं कोडं तिला सुटेना. पण हे सगळं एक वेळ चाललं असतं. परवा मुलाकडचे आले होते. काकांच्या मुलीचं जवळजवळ ठरलेलंच, नुसतं हो म्हणायचं बाकी. काका औषधांच्या क्षेत्रात आहेत, एवढंच काकूंनी त्यांना सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं. मुलगी आपल्या फोनवर होणाऱ्या सासूबाईंना लग्नाच्या हॉलचे फोटो दाखवत होती. एक हॉल, दुसरा हॉल, आणि तिसऱ्या हॉलच्या जागी ढेकूण.

"लाजू नका म्हणे," काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "मुलाची आई अशी उठली सोफ्यावरून, जसं काही खालून कुणी टाचणी टोचली. चहा अर्धा राहिला. तेव्हापासून एक फोन नाही."

 पण मॅडमचं डोकं दुसरीकडेच धावत होतं. पाठलाग होतो तो फक्त जाहिरात दाबून गेलेल्यांचा. मग काकांच्या घरातल्या एकूण एक माणसाच्या मागे जाहिरात कशी लागली?

"काका," त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्या घरी ही जाहिरात कुणी कुणी दाबली?"

"सगळ्यांनी," काका छाती पुढे काढून म्हणाले. एवढ्या दुःखातही त्यांना अभिमान लपवता येईना. "भाऊ, वहिन्या, पुतणे, आक्का, आक्काच्या सुना. सगळे त्याच भागात राहतो ना आम्ही. सकाळी दात घासून झाले की प्रत्येकानं दाबायचं, नेमच आहे. कुणी विसरलं तर मी आठवण करून देतो."

 ज्योतिष्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. गावात साथ नव्हती. थैमान नव्हतं. रात्री कुणाला काही चावत नव्हतं आणि सकाळी कुणी शोधत नव्हतं. जे काही होतं, ते दात घासून झालेलं काकांचं खानदान होतं.

चिमणीनं चाचरत चाचरत काकांना सांगितलं की प्रत्येक वेळी दाबल्याचे पैसे त्यांचेच गेले. काका धपकन खुर्चीत बसले. काकूंचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"मग सांगितलं का नाहीस पोरी?" काकांनी विचारलं. रागावून नाही. तेच जास्त लागलं.

"तुम्ही इतके खूश होतात," चिमणी म्हणाली.

मॅडमनी एक मोठा श्वास घेतला. काकांची माफी मागितली, त्यांचं काम आजच थांबवते म्हणाल्या, आणि चिमणीकडे न बघता तिला टेबलावरच्या आपल्या वस्तू गोळा करायला सांगितलं. वस्तू अशा नव्हत्याच. एक पाण्याची बाटली आणि एक पेन. चिमणीनं ती बाटली इतकी सावकाश पिशवीत भरली की अजून सावकाश कुणाला जमलं नसतं.

तेवढ्यात कुठूनतरी किणकिण ऐकू यायला लागली. सगळ्यांनी आपापले फोन पाहिले. काकूंनी पर्स उघडली. शेवटी काकांनी खिसा चाचपला आणि नव्या फोनकडे ते भूत बघावं तसे बघत राहिले. तो आजवर कधी वाजलाच नव्हता. कुठलं बटण काय करतं ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे पलीकडची बाई सगळ्या खोलीला ऐकू आली.

"कुणाला कळणार नाही ना?" बाई कुजबुजली.

"गाडी लांब लावतो, ताई," काका सवयीनं म्हणाले.

मग ती बाई मोकळी झाली. किती दिवस झोप नाही, नवऱ्यालाही धड सांगता येत नाही, आणि त्यात परवा एका घरी पाहुणी म्हणून गेली असताना तिथल्या मुलीच्या फोनवर ही जाहिरात आली, ती थेट तिच्याकडे बघूनच. आपलं बिंग फुटलं असं वाटून तिला दरदरून घाम फुटला. चहा टाकून उठावं लागलं. सोन्यासारखी माणसं, त्यांना काय वाटलं असेल. काकूंनी चिमणीचा दंड इतका घट्ट धरला की चिमणीला ओरडताही येईना.

"त्यांना घरी बोलवायचंय हो," बाई म्हणाली. "पण हे ढेकूण गेल्याशिवाय कुठल्या तोंडानं बोलवू?"

काकांनी डोळे मिटले, उघडले.

"शनिवारी येऊन मारून जातो. रविवारी खुशाल बोलवा त्यांना."

"ऐन वेळी येतील ते?"

"येतील," काका म्हणाले. "माझी गॅरंटी."

फोन बंद झाला.  शनिवारी हाताखालच्या माणसांना पाठवा, तुम्ही पाऊलही टाकू नका तिथं, त्या ओळखतील, असं काकूंनी दबक्या आवाजात बजावलं. काकांनी मान हलवली आणि चिमणीकडे वळले.

"ही पोरगी आता मोकळीच झाली ना? मग मी घेतो हिला. ढेकूण झालेत हे लोकांच्या तोंडून काढणं सोपं नाही. मला जन्मात जमलं नाही."

मॅडम ताठ झाल्या. "मोकळी कुठली? पक्की आहे ती आमच्याकडे."

"कधीपासून?" चिमणीच्या तोंडून निघून गेलं.

"आत्तापासून. बाटली बाहेर काढ, आणि आधी यांच्या घरातल्या एकेकाला फोन करून सांग, बोटं आवरा म्हणावं."

चिमणीनं पहिला फोन आक्कांना लावला. नमस्कार केला, मी ढेकणांच्या ऑफिसातून बोलतेय म्हणाली, आणि उद्यापासून जाहिरात दाबू नका अशी विनंती केली.  आक्कांचा आवाज अगदी खाली आला.

"नाही दाबत बाई. तुम्हाला सगळं माहीत झालंच आहे, तर मारायला माणूस कधी पाठवता ते सांग. पण आमच्या भावाला यातलं काही बोलू नकोस हं."