स्लॅबखालची पाहुणी

सुंदररावांच्या नव्या घराचा स्लॅब सोमवारी पडला आणि शुक्रवारी त्यांच्या लेकीचा, पौर्णिमाचा साखरपुडा होता. पडला म्हणजे ओतला. सिरसाळ्यात स्लॅब पडला की लोक पेढे वाटतात.

पाहुण्यांना नव्या हॉलमध्ये बसवायचं सुंदररावांच्या मनात होतं. पण हॉलमध्ये लाकडी बल्ल्यांचं रान उभं होतं. स्लॅब मुरून पक्का होईपर्यंत त्याला खालून आधार द्यायला त्या लावलेल्या होत्या.

“मॅडम, मधल्या दोन-चार बल्ल्या काढल्या तर काय हुतंय? सतरंजी तरी अंथरता येईल.”

“काका, स्लॅब अजून कच्चा आहे,” माजलगावहून येणारी इंजिनिअर प्रियदर्शनी म्हणाली. “आज तो बल्ल्यांच्या जिवावर उभा आहे. एकही हलवायची नाही.”

तिनं हॉलभोवती लाल दोरी बांधली आणि पाटी लावली : आत जाऊ नये. बल्ल्यांना हात लावू नये. सुंदररावांनी नाइलाजानं अंगणात मांडव घातला.

शुक्रवारी सकाळी ती तपासणीला आली आणि दारातच थबकली. हॉलच्या ऐन मध्यात एक काळीभोर म्हैस बसली होती.

सुंदररावांचा मेहुणा म्हाळू आष्टीहून आला होता. बहिणीला भेट म्हणून त्यानं टेम्पोतून म्हैस आणली, ऊन फार म्हणून सावली शोधली, लाल दोरी वर उचलली आणि म्हैस मधल्या बल्लीला बांधून टाकली.

“म्हाळू, पाटी दिसली न्हाई का बे?” सुंदरराव ओरडले.

“दिसली की. हात कुठं लावला दाजी? दावं बांधलं.”

स्लॅबवर मारलेलं पाणी फटींतून ठिबकून खाली गारेगार चिखल झाला होता. म्हशीनं त्यात ऐसपैस बसकण मारली होती आणि ती बल्लीला मान घासत होती. प्रियदर्शनीच्या डोळ्यांदेखत बल्लीखालची पाचर सटकली. बल्ली तिरकी झाली. वरची फळी ‘कर्र’ करून बोलली.

“सगळे बाहेर! वर कोण आहे?”

वर फोटोग्राफर होता. तिथून मांडव झकास दिसतो म्हणून चढला होता. तो कॅमेरा गळ्यात अडकवून पाय न वाजवता उतरला.

“मी जातो, दावं कापून येतो,” सेंट्रिंगचे मिस्त्री धुळाजी म्हणाले.

“असं नाही. कडेपासून नव्या बल्ल्या लावत लावत आत सरकायचं. आधार पक्का झाला की मगच पुढचं पाऊल. आणि कुणी आवाज करू नका. दचकून उठली तर ती बल्ली घेऊनच उठेल.”

एवढ्यात सुंदररावांचा फोन थरथरला. नवरदेवाकडचे गावात शिरले होते, तीन जीपगाड्या भोंगे वाजवत. सुंदरराव फेटा सावरत वेशीकडं पळाले आणि पहिल्या जीपसमोर आडवे झाले.

“भोंगा बंद करा! पाया पडतो तुमच्या!”

नवरदेवाचे वडील बन्सीराव घाबरून खाली उतरले. “काय झालं व्याही?”

“आत... आत अडकलीय,” सुंदररावांना धाप लागली होती. “सकाळधरनं. उठंना.”

“कुठं आत?”

“स्लॅबखाली!”

बन्सीरावांचा चेहरा उतरला. सोमवारी फोनवर ‘आमचा स्लॅब पडला’ हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि तेव्हा अभिनंदनही केलं होतं.

“कोण हाय हो?”

“आजच आलीय आष्टीहून. मेव्हण्यानं आणली.”

“अरेरे, पावणी!” बन्सीरावांनी टोपी काढली. त्यांच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मागच्या जीपमधल्या बायांनीही लावला.

“त्यात ती गाभण हाय हो!”

पदर डोळ्यांवरून हळूच खाली आला. “गाभण?” बाई म्हणाल्या.

खुलासा झाला तरी भीती खरीच होती. बन्सीरावांनी इंजिनं बंद करायला लावली, आणि नवरदेवासकट सगळं वऱ्हाड आपल्याच जीपगाड्या ढकलत, चकार शब्द न काढता, मांडवापर्यंत आलं.

तोवर धुळाजींनी म्हशीभोवती नव्या बल्ल्या ठोकून बसवल्या होत्या. काठीला विळा बांधून लांबूनच दावं कापलं. म्हैस मोकळी झाली, पण हलेना. इतकी गार जागा सोडून ती जाईल कशाला?

प्रियदर्शनीनं क्षणभर विचार केला. “स्लॅबवरचा पाइप काढा. पाणी अंगणात सोडा.”

“अंगणात? तिथं मांडव हाय!” सुंदरराव कुजबुजले.

“काका, म्हैस मांडवात बरी की स्लॅबखाली?”

“मांडवात,” सुंदरराव लगेच म्हणाले.

अंगणात पाणी साचलं. म्हशीनं नाक वर केलं, सावकाश उठली आणि दोन्हीकडच्या बल्ल्यांना अंगही न लावता पाटलिणीसारखी बाहेर आली. धुळाजींनी तिरकी बल्ली सरळ करून पाचर मारली. प्रियदर्शनीनं कोपरान् कोपरा पाहिला, दोरी लावून माप घेतलं.

“स्लॅब केसभरही खाली आला नाही,” ती म्हणाली आणि मिळेल त्या खुर्चीत बसली.

सुंदररावांच्या आई, सुभद्राबाई, चहा घेऊन आल्या. “घे माय. लेकराबाळांचं घर वाचलं.” सुंदररावांनी तिला हात जोडले. मग बन्सीराव हसले आणि सगळ्यांच्याच छातीवरचं ओझं उतरलं.

साखरपुडा सुरू झाला. पौर्णिमाच्या हातात साखरेचा पुडा पडतोय तोच म्हशीची मान पुन्हा खाजली. मांडवाची मेढ जवळच होती. प्रियदर्शनी अर्धी उठली, वर पाहिलं. नुसतं कापड. ती परत बसली आणि चहाचा घोट घेतला.

मांडव अलगद खाली आला.

“कुनाला लागलं का?” सुभद्राबाईंनी कापडाखालून विचारलं.

कुणालाच लागलं नव्हतं. एकेक डोकं बाहेर आलं, फेटे सुटलेले, केसांत साखर. प्रियदर्शनी तर पोट धरून हसत होती. सगळे बाहेर निघाले, फक्त दोघं आत राहिली. मधल्या कापडाला उंचवटा होता आणि तिथून काहीतरी कुजबुज ऐकू येत होती.

“ओ नवरदेव, वाट सापडंना का?” बन्सीरावांनी हाक मारली.

“बघतोय की!” आतून आवाज आला. पण उंचवटा काही जागचा हलला नाही.